रावांची बिघडलेली शीळ

भाऊसाहेबांना शीळ घालता येत नव्हती, आणि पन्नाशी उलटून गेली तरी त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. विमा कंपनीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला शीळ कशाला लागते? त्याला लागतो घसा, आणि घसा त्यांच्याकडे उत्तम होता. दर महिन्याला एकेका खात्यातल्या लोकांना सभागृहात बसवून ते 'शिकण्याला वय नसतं' या विषयावर बोलत. ते ऐकून आजवर कोणी काही नवीन शिकल्याचं ऐकिवात नव्हतं, पण मधूनच कोणी उठून गेल्याचंही नव्हतं. दार भाऊसाहेबांच्या मागे होतं. उपजत गुण, अंगची कला वगैरे सगळं आळशी लोकांनी पसरवलेलं थोतांड आहे, माणूस रोज थोडं थोडं घासत राहिला की त्याला काहीही येतं, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि सिद्धांत अगदी निर्दोष होता, कारण तो त्यांनी कधी वापरलेला नव्हता.

त्या दिवशी टपाल खात्याची पाळी होती. भाषण संपलं. "काही शंका?" असं भाऊसाहेबांनी कागद गोळा करता करता विचारलं. हा प्रश्न फक्त विचारायचा असतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं, हे कचेरीत चार दिवस काढलेल्या कुठल्याही माणसाला समजतं. टपालातल्या बाईंचं तिथे निम्मं आयुष्य गेलं होतं, तरी त्यांनी हात वर केला.

"साहेब, तुम्ही अलीकडे काय शिकलात?"

"अलीकडे म्हणजे?"

"म्हणजे शेवटचं. नवीन असं काहीतरी."

बाईंच्या आवाजात खवचटपणा असता तर भाऊसाहेबांनी तो वरच्यावर झेलला असता. पण त्या खरोखरच विचारत होत्या. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात सगळी कपाटं उघडून पाहिली. नवा फोन घेतला होता. तो मुलगी वापरायला शिकली होती आणि ते तिला विचारत. पोळ्या लाटायचा प्रयत्न केला होता. तो बायकोने थांबवला होता. एवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून लिफ्टमन शीळ घालत गेला.

"शीळ," भाऊसाहेब म्हणाले. "सध्या मी शीळ शिकतोय."

लोक हसले असते तर बरं झालं असतं. हसणारी माणसं विसरतात. टपालातल्या बाई नुसतं "अरे वा!" म्हणाल्या आणि वर म्हणाल्या, "मग येऊ लागली की ऐकवा हं आम्हाला. विसरू नका."

भाऊसाहेब घरी आले ते घुश्शातच. 'ऐकवा' म्हणे! मी काय रेडिओ आहे? पण खरा संताप वेगळाच होता. येऊ लागली की ऐकवा, म्हणजे येईल याची त्या बाईला खात्री नव्हती. भाऊसाहेबांनी बूट न काढताच बायकोला आणि मुलीला आपला संकल्प सांगितला.

"शिट्टी?" मुलगी म्हणाली. "त्यात काय शिकायचंय बाबा?" आणि तिने दोन बोटं तोंडात घालून अशी काही शिट्टी मारली, की खाली रस्त्यावरचा टॅक्सीवाला गाडी थांबवून वर बघायला लागला.

"तू कुठे शिकलीस हे?"

"शिकले नाही. येतंच ते."

पुढच्या काही महिन्यांत भाऊसाहेबांना जगातल्या सगळ्या वाक्यांत जर कुठल्या एका वाक्याचा तिटकारा आला असेल, तर तो 'येतंच ते' या वाक्याचा. ज्याला विचारावं त्याला शीळ येत होती आणि कुठून आली हे एकालाही सांगता येत नव्हतं. लिफ्टमनला येत होती, दूधवाल्याला येत होती, बायकोच्या मावशीला येत होती. मावशी तर ऐंशीच्या पुढच्या. फोनवरच त्यांनी वाजवून दाखवली. "आता गं बाई, शिकायची असते होय?" म्हणाल्या. बँकेत लॉकरला किल्ली लावावी तशी ही सगळी माणसं ओठ पुढे करत, आणि आतून दागिना निघे. भाऊसाहेबांनी ओठ पुढे केले, की निघे ती नुसती हवा.

फुस्स.

ते न्हाणीघरात दार लावून सराव करू लागले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी बायकोने दार ठोठावलं.

"अहो, लवकर बाहेर या. गॅस लीक होतोय."

"वास येतोय?"

"वास नाही, आवाज येतोय. मघापासून फुस्स फुस्स चाललंय. काडी ओढू नका!"

त्या वेळी खरं सांगून टाकायचं होतं. पण मावशीला ऐंशी उलटल्यावर जमतं ते आपल्याला न्हाणीघरात लपून जमत नाहीये, हे पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत बायकोला सांगणं कुठल्याही पुरुषाला जड गेलं असतं. गॅसवाला आला. त्याने साबणाचं पाणी लावून पाहिलं, रेग्युलेटर बदलला, नळी बदलली आणि शेगडीही जुनी झाल्याचं सुचवून गेला. दुसऱ्या दिवशी नव्या नळीतूनही आवाज यायला लागला तेव्हा बायको कान देत देत न्हाणीघरापर्यंत पोचली. मग जे बोलणं झालं त्याचा सारांश असा, की यापुढे घरात फुंकायचं नाही.

भाऊसाहेब गॅलरीत आले. गॅलरीत आलेला माणूस इमारतीच्या मालकीचा होतो. सल्ले द्यायला लोक आपापल्या मजल्यावरून वाकू लागले. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, दोरा ओवताना आपण ओठ कसे करतो? अगदी तस्से." भाऊसाहेबांनी आयुष्यात दोरा ओवला नव्हता, म्हणजे आता आधी ते शिकायला हवं. सोसायटीचे सचिव म्हणाले, "ओठ ओले ठेवा." तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ओठ कोरडे ठेवायला सांगितलं आणि खुर्चीत बसवून बॅटरीने तोंडात पाहिलं.

"फट नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे?"

"पुढच्या दोन दातांमध्ये फट नाही. दातांच्या दृष्टीनं उत्तम आहे, पण शिळेच्या दृष्टीनं कठीण. जरासं घासून देऊ का?"

भाऊसाहेब खुर्चीतून उतरले. रोज थोडं थोडं घासायचं हे खरं, पण दात नव्हे.

आता इथे शेजारच्या शिरस्तेदारांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या अनर्थात वादी तेच आहेत. कोर्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकटे राहत. एकटे म्हणजे पोपटासह. पोपटाचं नाव राव. शिरस्तेदार त्यांना अहो-जाहो करत. "मी जन्मात कोणाला अरेतुरे केलेलं नाही. आरोपीलासुद्धा नाही," असं ते सांगत. त्यामुळे "राव, पाणी घेता?" "राव, सरका जरा" असले संवाद भिंतीपलीकडून ऐकू येत, आणि नवीन माणसाला वाटे, की शिरस्तेदारांकडे कोणी फार मोठं माणूस उतरलं आहे.

रावांना एक चाल येत असे. कुठल्या गाण्याची नव्हती, शिरस्तेदारांची स्वतःची होती. घरापासून कोर्टापर्यंत रोज पायी जाता-येता ती त्यांच्या तोंडात तयार झाली होती. सुरुवातीला दोन पायऱ्या खाली यायची, मग रमतगमत वळण घ्यायची आणि शेवटी एकदम वर चढून तिथेच थांबायची. खाली उतरायचीच नाही. बाहेर पडताना कोणी दार उघडंच टाकून जावं, तशी. निवृत्तीनंतर शिरस्तेदारांनी ती रावांना शिकवली. वर्षं लागली. पुढे शिरस्तेदारांचे दात गेले, तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी कवळी बसवून दिली, आणि त्या दिवसापासून शिरस्तेदारांची शीळ बंद झाली. ती चाल आता जगात फक्त रावांच्या चोचीत होती. सकाळ-संध्याकाळ राव ती वाजवत, आणि शिरस्तेदार आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत. इमारतीतल्या लोकांना ती इतकी सवयीची झाली होती, की ती आहे हेही कोणाच्या लक्षात नव्हतं.

ती नसल्याचं मात्र लगेच लक्षात आलं.

एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात शिरस्तेदार, हातात पिंजरा, पिंजऱ्यात राव.

"भाऊसाहेब, आपण हे ऐका," शिरस्तेदार म्हणाले. "राव, म्हणा."

रावांनी मान तिरकी केली. छाती फुगवली. चोच उघडली.

"फुस्स," राव म्हणाले.

"वा!" मुलगी आतून म्हणाली. "हुबेहूब बाबा!"

"कालपासून हेच चाललंय," शिरस्तेदार म्हणाले. "चाल विसरले. सगळी. मी दाणे दाखवले, फळ दाखवलं, हात जोडले. फुस्स! आपण आमच्या भिंतीला लागून महिना महिना हा जो काही उद्योग चालवलाय..."

"उद्योग नाही, सराव!"

"सराव कशाचा? हवा सोडण्याचा?"

"हे पाहा शिरस्तेदार, तुमच्या पक्ष्यानं काय ऐकावं हे मी ठरवत नाही. उद्या तो कुकरच्या शिट्ट्या काढायला लागला तर आम्ही वरणभात सोडायचा का?"

"'तो' म्हणू नका!"

बायको मध्ये पडली. रावांना सफरचंदाची फोड दिली. राव ती खाऊन म्हणाले, "फुस्स."

तिथेच मिटलं असतं तर ती सोसायटी कसली! शिरस्तेदारांनी रीतसर लेखी तक्रार दिली, आणि सचिवांनी बैठक बोलावली. शिरस्तेदार रावांना पिंजऱ्यासकट घेऊन आले. पोटनियम चाळले गेले. पाळीव प्राण्याने सभासदाला उपद्रव दिला तर काय करायचं हे त्यांत होतं. सभासदाने पाळीव प्राण्याचं शिक्षण बिघडवलं तर काय, हे नव्हतं. सचिव खूश झाले. इतक्या वर्षांत प्रथमच काहीतरी नवीन निघालं होतं. मुलीने सुचवलं, की ती चाल आपल्याला तोंडपाठ आहे, आपण वाजवतो, राव शिकतील. तिने वाजवलीही, अगदी शेवटच्या चढत्या सुरासकट. शिरस्तेदारांचे डोळे भरून आले. राव मात्र तिच्याकडे पाठ करून पिसं साफ करत राहिले. फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकवली, तर ते झोपले. मग भाऊसाहेब रागाने "हा शुद्ध आचरटपणा आहे!" असं ओरडले, तेव्हा मात्र राव तडक वळले, दांडीवरून सरकत जवळ आले आणि भाऊसाहेबांच्या ओठांकडे टक लावून बघू लागले.

"गुरू मानलंय तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"याला?" शिरस्तेदार म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाला तरी अरेतुरे केलं होतं.

कारण उघड होतं, पण ते सांगून शिरस्तेदारांना आणखी दुखवायची कोणाची हिंमत झाली नाही. ज्यांना शीळ येत होती ते सगळे ती एकदा वाजवत आणि निघून जात. एकच गोष्ट, त्याच जागी उभं राहून, न कंटाळता, शेकडो वेळा करून दाखवणारे त्या इमारतीत एकटे भाऊसाहेब होते. अडचण एवढीच होती, की ते करून दाखवत होते ते चुकीचं होतं.

ठराव झाला. तो असा: एक, सभासदाने रावांना पूर्वस्थितीत आणून द्यावं. दोन, त्यासाठी सभासदाने आधी स्वतः शीळ शिकून ती समितीला वाजवून दाखवावी. तीन, तोपर्यंत सभासदाने गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर आणि वाहनतळावर फुंकू नये.

"मग शिकू कुठे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तो समितीचा विषय नाही," सचिव म्हणाले.

घरात बंदी, गॅलरीत बंदी. रस्त्यावर ओठ पुढे करून चालायचं तर वय आणि हुद्दा आड येत होता. राहिली कचेरी. कचेरीत तळघरात जुन्या फायलींची खोली होती. तिथे दुपारच्या सुट्टीत कोणी फिरकत नसे, एरवीही नसे. दोन रॅकच्या मध्ये उभं राहून, बुडालेल्या पॉलिस्यांच्या साक्षीने, भाऊसाहेबांनी पुन्हा सुरुवात केली. जीभ पुढे, जीभ मागे, गाल आत, गाल बाहेर. त्या दिवशी जरा वेगळं काहीतरी होईल अशी आशा वाटत होती, म्हणून ते सुट्टी संपल्यावरही थांबले. शिपाई एक फाईल शोधायला खाली आला, दारातच थबकला आणि जिन्यावरून ओरडत पळाला, "साप! रेकॉर्ड रूममध्ये साप!"

भाऊसाहेब बाहेर आले तोवर वरून निम्मी कचेरी उतरली होती.

"साहेब, तुम्ही आत होतात? चावला नाही ना?"

"दिसला का? केवढा होता?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांत टपालातल्या बाईही होत्या. एक क्षणभर भाऊसाहेबांनी सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवलं.

"मोठा असावा," ते म्हणाले.

सर्पमित्राला बोलावण्याच्या मागणीपत्रावर सर्वांत ज्येष्ठ अधिकारी म्हणून सही त्यांनाच करावी लागली. सर्पमित्राने अख्खी दुपार रॅक हलवले. साप सापडला नाही, तेव्हा तो फार चलाख जातीचा असल्याचं त्याने जाहीर केलं आणि खोलीला कुलूप लागलं. त्या महिन्याच्या व्याख्यानाचा विषय भाऊसाहेबांनी आयत्या वेळी बदलला आणि 'जुन्या कागदपत्रांची निगा' यावर ते बोलले. श्रोत्यांनी पहिल्यांदाच मन लावून ऐकलं. हा अपमान आहे की सत्कार, हे भाऊसाहेबांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी अपमान धरला.

घरी परतताना जिन्यात शिरस्तेदार भेटले. खांदे पडले होते.

"काही प्रगती?"

"जागाच नाही, तर प्रगती कुठे करू?" भाऊसाहेब खेकसले. "घर बंद, गॅलरी बंद, आता कचेरी बंद! मला एक सांगा, माणसानं शिकायचं तरी कुठे?"

शिरस्तेदारांनी कठडा धरला. मग म्हणाले, "आमच्याकडे या. राव बिघडायचे तेवढे बिघडलेच आहेत. आणखी काय बिघडणार?"

अशा रीतीने, समितीला अंधारात ठेवून, भाऊसाहेब रोज सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी शिरस्तेदारांच्या बैठकीच्या खोलीत जाऊ लागले. खोलीत एक आरामखुर्ची, एक स्टूल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि खिडकीत पिंजरा. आरामखुर्चीत शिरस्तेदार, स्टुलावर भाऊसाहेब, दांडीवर राव. भाऊसाहेब म्हणत फुस्स. राव म्हणत फुस्स. आणि शिरस्तेदार दोन्ही हातांनी कपाळ धरत.

"गाल कशाला फुगवता? शंख फुंकताय का?"

"तुम्हीच म्हणालात ना हवा भरून घ्या?"

"छातीत! गालात नव्हे. काय हो, तुम्ही म्हणे लोकांना शिकवता?"

"शिकवतो! आणि माझ्या वर्गात कोणी कपाळाला हात लावत नाही."

"त्यांना झोप लागत असेल."

अशा जिव्हाळ्याच्या वातावरणात आठवडे गेले. कधी कधी भाऊसाहेबांना वाटे, की उठावं आणि सांगावं, ठेवा तुमचा पोपट. मग ते दारापर्यंत जात. दारातून वळून पाहिलं, की राव पिंजऱ्याच्या गजांना चोच टेकवून त्यांच्या तोंडाकडे बघत असत. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या आशेने त्यांच्या तोंडाकडे कोणी बघितलं नव्हतं. भाऊसाहेब पुन्हा स्टुलावर बसत आणि त्याचाही त्यांना राग येई.

एके दिवशी शिरस्तेदार चहाचा कप समोर ठेवून आत वर्तमानपत्र शोधायला गेले होते. चहा उकळता होता. भाऊसाहेबांनी कप तोंडाजवळ नेला आणि निवायला म्हणून सहज फुंकर घातली.

आवाज आला.

बारीक, काडीसारखा, पण हवेचा नव्हे. शिळेचा. भाऊसाहेबांनी आधी रावांकडे पाहिलं. राव त्यांच्याकडे बघत होते. दोघांनाही वाटलं, की दुसऱ्याने केला. भाऊसाहेबांनी पुन्हा फुंकर घातली. पुन्हा तो आवाज. कप खाली ठेवला, गेला. उचलला, आला. पुढचे काही दिवस त्यांना फक्त चहावर शीळ येत असे. मग कोमट पाण्यावर. मग रिकाम्या कपावर, आणि शेवटी कप नसतानाही. शिरस्तेदारांनी तोंडातून 'चांगलं' असा शब्द काढला नाही. फक्त कप दुसऱ्यांदा भरू लागले.

एका सुराचे दोन झाले, दोनांची उतरण झाली. तिथून वळण घ्यायला किती सकाळी गेल्या ते भाऊसाहेबच जाणोत. शिरस्तेदार आरामखुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरत, गुणगुणून दाखवत, चिडत, "कोर्टाच्या कोपऱ्यावर वळतो ना आपण, तसं वळा!" असं ओरडत. भाऊसाहेब कधी कोर्टात गेले नव्हते, तरी वळले. चाल जवळजवळ पुरी झाली. राहिला तो शेवटचा चढता सूर. तिथे पोचलं, की भाऊसाहेबांचे ओठ दगा देत आणि वर चढण्याऐवजी हवा सुटे. फुस्स. कितीही करा, फुस्स.

आणि मग राव बोलले. भाऊसाहेब स्टुलावर बसायच्या आतच त्यांनी दांडीवर पाय रोवले आणि चाल सुरू केली. दोन पायऱ्या खाली, रमतगमत वळण, सगळं जसंच्या तसं. शिरस्तेदार खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा एक हात हवेत राहिला. चाल शेवटाला आली, वर बघू लागली...

"फुस्स," राव म्हणाले.

शिरस्तेदार हळूच खाली बसले.

भाऊसाहेबांना दोन गोष्टींचा एकदम संताप आला. पहिली ही, की आपल्याला जे अख्खा उन्हाळा करून जमलं ते या पाखराने नुसतं बघून उचललं. दुसरी ही, की कोणी आभाराचा एक शब्द बोलत नव्हतं.

"निदान चाल तरी आली ना परत," ते म्हणाले.

"चाल? माझ्या चालीला शेवट होता."

"तोही येईल. करतोय मी."

"नाही यायचा," शिरस्तेदार म्हणाले. ते रागावले असते तर चाललं असतं. पण ते समजुतीच्या सुरात बोलत होते. "तुम्ही पुष्कळ केलंत. नाही म्हणत नाही मी. पण तो सूर तुमच्यानं व्हायचा नाही, भाऊसाहेब. काही गोष्टी अंगात असाव्या लागतात."

"अंगात?" भाऊसाहेब उठून उभे राहिले. "तुमच्या अंगात होता ना? मग गेला कुठे? दातांबरोबर डॉक्टरांच्या बशीत गेला?"

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, की हे बोलायला नको होतं. शिरस्तेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

"गेलाच म्हणायचा," ते म्हणाले. "कवळी बसवल्यावर मी करून पाहिलं होतं. आरशासमोर उभं राहून. नाही आली."

"किती वेळा पाहिलंत करून?"

"केलं की एकदा."

"एकदा?"

"नाही आली, म्हणून सोडलं. रावांना येत होतीच."

न्हाणीघर, गॅसवाला, दातांचे डॉक्टर, समितीची बैठक, सर्पमित्रासाठी केलेली सही, सगळं एकदम भाऊसाहेबांच्या डोक्यात वर आलं.

"एकदा!" ते ओरडले. "एकदा करून पाहिलीत आणि खुर्चीत जाऊन बसलात? आणि मी इथे उन्हाळाभर ओठ झिजवतोय! चाल कोणाची? तुमची! पक्षी कोणाचा? तुमचा! फुंकतोय कोण? मी! बायको माझ्याशी धड बोलत नाही, कचेरीत माझ्या नावावर साप आहे, आणि तुम्ही... एकदा?"

"अहो, पण कवळी..."

"मला फट नव्हती! मी सांगितलं का कोणाला?"

शिरस्तेदारांनी रुमाल खिशात ठेवला. कोर्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आपली बाजू कधी पडली हे कळतं.

"बसा," भाऊसाहेब म्हणाले, शिरस्तेदारांच्याच घरात, शिरस्तेदारांनाच. "तिथे नाही. स्टुलावर."

शिरस्तेदार स्टुलावर बसले. भाऊसाहेब आरामखुर्चीत बसले. ती फारच आरामाची होती, आणि ती आजवर कोण वापरत होतं हे लक्षात येऊन ते आणखी तापले.

"ओठ पुढे. एवढे नाही. हं. करा."

शिरस्तेदारांनी कवळी जिभेने सारखी केली, खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले.

फुस्स.

राव दांडीवरून सरकले. शिरस्तेदारांकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि दोघांचीही तोंडं दिसतील अशा जागी येऊन थांबले.

"जीभ मागे," भाऊसाहेब म्हणाले. "गाल कशाला फुगवता? पुन्हा."

फुस्स.

"पुन्हा."

शिरस्तेदारांनी डोळे उघडले. कपाळावर घाम आला होता. "असं अजून किती वेळा?"

"मी विचारलं होतं?" भाऊसाहेब म्हणाले. "पुन्हा."